शेजाऱ्याच्या डब्यावरचं दही

माझं भांडंभर दही शेजाऱ्याच्या डब्यात सांडलं, आणि तीन तासांनी त्याला सुपे गावात हळदीला वाजवायचं होतं.

डबा म्हणजे त्याचं बटणांचं जुनं यंत्र. कुठलाही आवाज त्यात भरायचा आणि बटणं बडवून तोच ठेक्यात वाजवायचा. ते लई तापतं, म्हणून थंडीत मी दही लावून भांडं त्यावर ठेवते. केडगावात आमची भिंतीला भिंत आहे, तो कधी नको म्हणाला नाही. त्याची बोटं सतत कशावर तरी चालतात. माझ्या नवऱ्याच्या तिरडीच्या बांबूवरही चालली होती, मी पाहिलं.

बायको त्याला लॅपटॉप घ्या म्हणते. तो मला सांगतो, "त्यात हजार आवाज हायत, मावशी. निवडस्तोवर वरात निघून जाती. ह्यात बारा सेकंद मावत्यात, मंग कामाचंच घ्यावं लागतं."

त्या दिवशी तो रागावला नाही. स्क्रू काढून आतलं कापसाने पुसलं, पंख्याखाली वाळवलं. डबा सुरू झाला, पण सगळे आवाज ज्या फ्लॉपीत होते ती दही पिऊन मेली होती.

"आता काय वाजवणार, माझं कपाळ?" मी ओरडले.

"व्हय. परत म्हना," म्हणाला आणि माइक पुढे केला.

मी शिवी हासडली. त्याने तीही घेतली, दाराची कडी घेतली, खलबत्ता घेतला.

संध्याकाळी सगळा मांडव त्याच आवाजांवर नाचला. डबा जगला, तो जगला, आणि माझी शिवी ऐकूनही नवरदेवाची आई जगली.