कागद पालथा घाल

“कागद पालथा घाल आणि सांग.”

संशोधनाच्या अनुदानासाठी लिहिलेला माझा पहिला प्रस्ताव मी बाईंपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी त्यातली एक ओळही वाचली नाही. माझ्याच हाताने तो टेबलावर पालथा घालायला लावला. मी दोन वाक्यं बोलले आणि अडकले. “अच्छा,” बाई म्हणाल्या, “म्हणजे तुलाच माहीत नाही तुला काय करायचंय. आणि पैसे मागतेस सरकारचे!”

दिल्लीतल्या त्या सरकारी संस्थेत आम्ही दोघीच मराठी. जमिनीखालचं पाणी हा बाईंचा विषय. ऑफिसात सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी बाई म्हणायची. हिवाळ्यातल्या रविवारी आर. के. पुरमच्या त्यांच्या क्वार्टरसमोर उन्हात, मटार सोलता सोलता त्यांचा दरबार भरे. कुठले कुठले शास्त्रज्ञ आपापले प्रस्ताव घेऊन येत. बाई आधी त्यांच्यापुढे शेंगांची परात सरकवत, मग विचारत, “हे काम नाही केलं तर कोणाचं काय बिघडेल?” नीट उत्तर येईपर्यंत चहा मिळत नसे. ‘अत्यंत महत्त्वपूर्ण’ असं कुठे दिसलं की त्यावर लाल रेघ. “महत्त्वाचं आहे की नाही, ते वाचणाऱ्याला ठरवू दे ना यार!” पन्नाशीतल्या बाईंच्या तोंडी ते ‘यार’ फार गोड वाटे.

त्या परातीपुढून उठून गेलेल्या कित्येकांना अनुदानं मिळाली. मोठमोठी मिळाली. आभार मानायला फार थोडे परत आले. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, मी वेगळं काय सांगू.

बाईंचा स्वतःचा प्रस्ताव मला आजही तोंडपाठ आहे, कारण समितीपुढे जायच्या दिवशी बसमध्ये त्यांनी तो मला म्हणून दाखवला होता. “गुडगावच्या बाहेर शेतं विकली जात आहेत. तिथे वसाहती होतील आणि बोअर लागतील. त्याआधी गावांमधल्या विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून ठेवायची आहे. हे आत्ता केलं नाही, तर पुढे कुणालाच करता येणार नाही.” बस्स, एवढंच. मला वाटलं, याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तो अध्यक्षांच्या खुर्चीत बसला होता.

“मॅडम, वहाँ तो अभी पानी की कोई समस्या ही नहीं है!”

“इसीलिए तो, सर,” बाई म्हणाल्या. सगळी समिती खो खो हसली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, असं सांगून त्यांना वाटेला लावलं. ते हसणं आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढच्या वर्षी हवा बदलली होती. बाजार खुला झाला होता आणि समितीला कंपन्यांचे डोहाळे लागले होते. “कोई इंडस्ट्री पार्टनर लाइए.” बाई खरंच गेल्या हो, एका बिल्डरच्या ऑफिसात! सोबत मी. तिथल्या टायवाल्या तरुणाने आम्हाला कोल्ड्रिंक पाजलं आणि सांगितलं, “पानी की टेन्शन आप मत लीजिए मॅडम, चौबीस घंटे आएगा.” बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, “बिल्कुल येईल. कुठून येईल, एवढंच तर मला मोजायचं होतं.”

त्याच्या पुढच्या वर्षी, तिसरा अर्ज भरण्याआधी, आम्ही एका गावात विहीर बघायला गेलो. विहीर बांधकामाच्या मलब्याने काठोकाठ भरली होती. पुढच्या गावातली कुंपणाच्या आत गेली होती. बाईंनी विहिरीत सोडायची टेप पर्समधून काढली होती, ती तशीच परत ठेवली. मग त्यांनी अर्ज केलाच नाही. समितीने नोंद केली : अर्जदाराने पाठपुरावा केला नाही.

पाठपुरावा! चपला झिजल्या त्या बाईच्या. लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? बाई मात्र कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. त्यांच्या वाटचं मीच रागावत आले आहे.

निवृत्त झाल्यावर बाई नाशिकला गेल्या आणि तिथेच वारल्या. मी आता त्याच गुडगावात, म्हणजे आताच्या गुरुग्रामला राहते. आमच्या सोसायटीत सकाळ-संध्याकाळ टँकर येतात.

गेल्या हिवाळ्यात त्याच समितीवर मला बसवलं. या भागातलं पाणी इतकं खोल का गेलं, यावर एक तरुण शास्त्रज्ञ भला जाडजूड प्रस्ताव घेऊन आला. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, इथल्या विहिरींच्या जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत. नवे अध्यक्ष हळहळले.

“का नाहीत?” मी हिंदीत विचारलं.

“उस ज़माने में किसी को सूझा ही नहीं होगा, मॅडम,” तो अदबीने म्हणाला. त्याची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

“सूझा था!” माझा आवाज इतका चढला की अध्यक्षांचा कप हातातच राहिला. मग मी समोरचा प्रस्ताव पालथा घातला आणि बाईंची चारही वाक्यं त्या सगळ्यांना ऐकवली. शेवटचं दोनदा म्हटलं.