अर्ध्यावरून परत

गोल्फच्या मैदानावर त्यांना सगळे अर्धेराव म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का पाडलं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळायचं. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची शेड त्यांच्या ताब्यात होती, आणि किल्ली हातात देताना ते प्रत्येक ड्रायव्हरला बजावत, की चार्जिंगचा काटा अर्ध्यावर आला की असाल तिथून परत फिरायचं, मग शेजारी कितीही मोठा पाहुणा बसलेला असो. बॅटरी पार रिकामी होत गेली की तिचं आयुष्य घटतं, आणि गाडी मैदानात बंद पडली की ट्रॅक्टरने ओढत आणावी लागते. ट्रॅक्टरमागून येणारी गाडी बघणं म्हणजे त्यांना भर चौकात थोबाडीत खाल्ल्यासारखं वाटे. त्यांच्या शेडवर ती वेळ कधी आली नव्हती, आणि हे सांगताना स्वारी जरा फुगायचीच.

माणूस घरीही तसाच. लग्नाला गेले तर पंगत बसायच्या आधी यांचं लक्ष परतीच्या बसकडे. सिनेमाला गेले तर शेवट व्हायच्या आधी उठायचे, नंतर दारात गर्दी होते म्हणून. "यांच्याबरोबर पाहिलेल्या एकाही सिनेमाचा शेवट मला ठाऊक नाही," असं बायको आपल्या बहिणीला सांगायची आणि दोघी हसत सुटायच्या. अर्धेरावांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

बायको घरी शिवणकाम करायची. मैदानावर प्रत्येक खळग्यापाशी जो छोटा झेंडा असतो, ते सगळे झेंडे तिच्या मशीनवर शिवलेले. सगळे पांढरे, फक्त तळ्याकाठचा एक पिवळा, कारण पांढरा तिथे पाण्याच्या चकाकीत दिसत नसे. त्या पिवळ्याचं कापड तिने स्वतः निवडलं होतं, आणि वाऱ्याने उसवू नये म्हणून कडेला दुहेरी टीप मारली होती. तो फडकताना एकदा बघायचा एवढंच तिचं म्हणणं असे. तळं मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, चढापलीकडे. नेऊ की कधीतरी, असं अर्धेराव म्हणत, आणि त्यात वर्षं गेली. वाईट मनाने नव्हे. गाड्या पाहुण्यांच्या होत्या, आणि कधीतरी म्हटलं की काम झाल्यासारखंच वाटे.

मग तिच्या फुप्फुसांनी हात टेकले. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येतानाही तिला मध्ये खुर्ची लागू लागली. डॉक्टर लेकीला बाजूला घेऊन जे बोलले ते लेकीने बाबांना सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात अर्धेरावांनी मैदानाच्या साहेबांपुढे उभं राहून जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं. सोमवारी मैदान बंद असतं, तेव्हा एक जुनी गाडी घेऊ का?

सोमवारी सकाळी त्यांनी तिला पुढे शेजारी बसवलं, पाठीशी उशी दिली. लेक मागच्या सीटवर. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती. वाटेत एकेक पांढरा झेंडा दिसला की ती बोट दाखवायची आणि कुठला कधी शिवला ते सांगायची. दम लागला की थांबायची, पुन्हा सांगायची. इतकी खुशीत ती कित्येक महिन्यांत नव्हती.

चढ लागला आणि अर्धेरावांची नजर काट्यावर गेली. काटा घसरत होता. चढाच्या मध्यावर तो अर्ध्याला टेकला.

खरं म्हणजे, चढावर काटा बघायचा नाही हे तेच सगळ्यांना शिकवत. चढताना बॅटरीवर ताण येतो, काटा पडतो, आणि सपाटीवर आलं की पुन्हा वर येतो. नव्या ड्रायव्हरला ते हे इतक्यांदा ऐकवत की शेडमध्ये त्यांची नक्कल व्हायची. पण त्या दिवशी शेजारी बायकोचा श्वास वाजत होता. गाडी इथेच बंद पडली तर? ही चालणार कशी? मैदानावर चिटपाखरू नाही, ट्रॅक्टरवालाही सुट्टीवर. भीतीने माणूस आपलंच शहाणपण विसरतो, तसे ते विसरले. त्यांनी ब्रेक दाबला.

"आता एवढं आलोय तर जाऊ या की," बायको म्हणाली.

"काटा अर्ध्यावर आलाय. पुढच्या सोमवारी नवी गाडी काढतो, फुल चार्ज करून."

तिने चढाच्या माथ्याकडे एकदा पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली. "झेंडा कुठे पळून जातोय."

त्यांनी गाडी वळवली. शेडमध्ये गाडी लावली तेव्हा काटा अर्ध्याच्या चांगला वर येऊन उभा होता. अर्धेराव त्याच्याकडे बघत राहिले, मग त्यांनी चार्जरची पिन लावली आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही. नव्या गाडीच्या बॅटरीत त्यांनी स्वतः पाणी भरलं, सीट पुसली. शनिवारी बायको गेली.

कामावर परतल्यावरही त्यांनी बरेच सोमवार जाऊ दिले. मग एकदा तीच जुनी गाडी काढली, शेजारच्या सीटवर तीच उशी ठेवली. चढाच्या मध्यावर काटा अर्ध्याला टेकला. या वेळी ते थांबले नाहीत. माथा आला, काटा हळूहळू वर चढला, आणि समोर तळं होतं. इतकं जवळ, की त्या दिवशी ती जिथे बसली होती तिथून हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. पिवळा झेंडा फडफडत होता. रंग विटला होता, टीप शाबूत होती.

त्या दिवशी गाडी इथे येऊन बंद पडली असती तर काय झालं असतं, हे त्यांच्या मनात तेव्हा प्रथमच आलं. लेकीने फोन केला असता. कुणीतरी शिव्या घालत ट्रॅक्टर आणला असता. तोवर तिघं इथे बसली असती, तळ्याकाठी, आणि झेंडा बघून बघून कंटाळा येईपर्यंत तिला बघता आला असता. ज्या अडकण्याला ते जन्मभर भीत आले, ते त्यांना आता हवं होतं, आणि जिच्याबरोबर अडकायचं ती उरली नव्हती.

घरी लेक वाट बघत होती. चपलांना लागलेली ओली माती पाहून ती समजली. त्या दिवशी मागच्या सीटवर तीच तर होती.

"तळ्यापर्यंत गेला होतात?"

त्यांनी मान डोलावली.

"चार्जिंग पुरलं, बाबा?"

"उरलं गं," अर्धेराव म्हणाले, आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा, लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून, हमसून हमसून रडले.