ढगाळ आणि बंद

सुमावहिनीचा फोन नव्हे, तिच्याविषयीचा फोन आला, तेव्हा मी वळ गावातल्या माझ्या गोदामात एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होतो. तो "सेठ, माल उतरेगा कब?" विचारत राहिला आणि मी फोन कानाला लावून नुसता उभा… दवाखान्यातून दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिचा नवरा, एवढंच म्हणाला, "ये रं, वसंता." काय ते मला कळलं. पण 'गेली' हा शब्द काही त्याने तोंडातून काढला नाही. त्यानंतरही कित्येक दिवस नाही.

वहिनी कल्याणची, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. लग्न होऊन आली तेव्हा आमच्या अंगणापुढे भातशेती होती. शेतं गेली, गोदामं उभी राहिली, त्यांच्या भाड्यावर आम्ही सुखाने जगलो. तिला मात्र गोदामांपेक्षा त्यांच्यावरच्या आभाळाचं पडलेलं. गच्चीवर तिने काचेच्या घुमटाखाली एक कॅमेरा बसवला. असे कॅमेरे दूरदूरच्या गावांतल्या गच्च्यांवरही होते. रात्रभर ते आकाशाचे फोटो काढत आणि उल्का पडली की तिची रेघ टिपत. एकच रेघ दोन ठिकाणांहून दिसली, की ती किती उंचीवर पेटली, कुठून आली, ते काढता येतं. ते काढणारा प्रोग्रॅम वहिनीचा. सगळ्या गच्च्यांची माहिती रोज सकाळी आमच्या माडीवरच्या खोलीत, तिच्या कॉम्प्युटरवर जमा व्हायची. यंत्रं सतत चालू, त्यामुळे खोली कायम उबदार. माझी बायको पावसाळ्यात तिथे ओले कपडे वाळत घालायची आणि वहिनीची बोलणी खायची.

माझ्या गोदामाचे दिवे तर तिच्या डोळ्यांत खुपायचे. "भावोजी, माल जमिनीवर आहे ना तुमचा? मग उजेड आभाळात कशाला पाडता?" इतक्यांदा ऐकवलं, की शेवटी मी निमूटपणे दिव्यांची तोंडं खाली केली.

पावसाळ्यात कॅमेऱ्याला ढगांशिवाय काय दिसणार? तरी ती तो बंद करायची नाही. मी चिडवायचो, "वहिनी, ढगांचे पासपोर्ट फोटो काढतेस का?" एकदा मात्र ती हसली नाही. म्हणाली, "तुमचा वॉचमन सकाळी सांगतो, रात्री कुणी आलं नाही. पण तो जागा होता की झोपला होता, हे तुम्ही बघता ना? आम्ही पाहत होतो आणि दिसलं नाही, ते ढगाळ. पाहतच नव्हतो, ते बंद. उल्का किती पडतात हे सांगायचं, तर आपण किती वेळ पाहत होतो ते आधी खरं सांगायला हवं." मी चहा मागितला.

ती गेली आणि तेराव्याच्या मांडवासाठी गच्चीवरची कॅमेऱ्याची वायर काढली गेली. ती परत जोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. काही आठवड्यांनी संकेतचा फोन आला. हा तिचा जुना विद्यार्थी, हल्ली सगळ्या गच्च्यांचं काम तोच पाहतो. "काका, तुमच्या कॅमेऱ्याकडून काहीच आलं नाही त्या रात्रींपुढे ढगाळ की बंद, काहीतरी लिहावं लागेल. एवढे दिवस बंद दाखवलं, तर मॅडमचं केंद्र, म्हणजे तुमची गच्ची, यंदाच्या गणितातून बाहेर जाईल." मग जरा अडखळून म्हणाला, "नियम मॅडमनीच घातलाय."

आम्ही दोघे भाऊ माडीवर गेलो. मी म्हटलं, "ढगाळ लिवू, दादा. पाऊस त रोजच व्हता. खोटं थोडंच हाय?" तिच्या कामातून यंदाच तिचं नाव पुसलं जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. दादाला तर माझ्याहून जास्त वाटत असणार. तिची चप्पलसुद्धा त्याने दारातून कुणाला हलवू दिली नव्हती. त्याने पडद्यावरच्या रिकाम्या रात्रींवरून बोट फिरवलं.

"तवा ती बगत व्हती का?" त्याने विचारलं.

"न्हाय."

"मंग ढगाळ कसा? बंद लिव." थोडं थांबून तो म्हणाला, "ती न्हाय आता, वसंता. गेली ती."

मी एकेका रात्रीपुढे 'बंद' लिहीत गेलो. शेजारी दादा माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडत होता. ती गेल्यापासून पहिल्यांदाच.