ट्रम्पेटच्या तोंडाला निकल

मेहकरात माझं निकल प्लेटिंगचं दुकान आहे आणि माझ्या हातून अर्धवट काम बाहेर जात नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेपर्यंत थांबायचा मला धीर नाही. पोळ्याआधी बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या येतात, एरवी बुलेटचे सुटे भाग, समया, शाळांच्या ढाली. वस्तू घासायची, बफ मारायचा, कॉस्टिकमध्ये तेलकटपणा काढायचा आणि पाण्यातून काढून बघायची. पाणी थेंबाथेंबाने उभं राहिलं तर परत धुवायची. सपाट पसरलं, की तांब्याच्या तारेला टांगून निकलच्या हिरव्या पाण्याच्या टाकीत सोडायची आणि करंट चालू करायचा. लोक म्हणतात, टाकी चमक देते. साफ खोटं. चमक घासण्यात असते, टाकी फक्त ती टिकवते.

लग्नसराईच्या तोंडावर डोणगावच्या एका बँडचं सामान आलं. त्यांचा ट्रम्पेटवाला साठीचा. त्याने ट्रम्पेट दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला, आणि ओठाला लावायचं तोंड तेवढं काढून खिशात टाकलं.

"हे राहू द्या बाई. जुनंच बरं हाय."

तोंडावरचा चांदीचा मुलामा झिजून कडेला पितळ दिसत होतं. अख्खा ट्रम्पेट लखलखीत आणि तोंड असं कळकट? माझ्या डोळ्यांना ते खुपलंच.

"काका, नवरदेवाले नवा सूट अन् पायात फाटकी चप्पल, असं चालते का?" म्हणत मी ते मागून घेतलं आणि निकल चढवूनच परत दिलं.

महिन्याभराने तो आला. वरचा ओठ सुजलेला, कडेला बारीक फोड.

"बाई, निकल केल्यापासून फुकताच नाही येऊन राह्यलं."

मला रागच आला. माझ्या कामाला नाव ठेवतो! ते तोंड मी भिंगाखाली धरून सगळीकडून बघितलं. कुठे पोपडा नाही, डाग नाही.

"काम चोख हाय काका. ओठ थकले तुमचे. वय झालं आता."

त्याने वाद घातला नाही. "हाव, तसंच असन," म्हणाला आणि गेला.

पुढे नात्यातल्या एका लग्नात तोच बँड होता. ट्रम्पेट दुसऱ्याच्या हातात होता आणि हा सगळ्यात मागे खुळखुळे हलवत चालला होता. मी मान वळवली.

त्या लग्नात मी हौसेने खोट्या सोन्याचे झुमके घातले होते. माझ्या कानांना सोन्याशिवाय काही चालत नाही हे घरात सगळ्यांना माहीत, पण हौस. तीन दिवसांत कान चिघळले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असल्या दागिन्यांत निकल असतं. काहींच्या कातडीला ते सोसत नाही."

निकल! टाकीवर काम करताना मनगटाला खाज सुटायची, ती मी इतकी वर्षं कॉस्टिकच्या माथी मारत आले होते. कानाचं दुखणं विसरले. डोळ्यांसमोर तो सुजलेला ओठ आला. मला माझी भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून डोणगाव गाठलं. तो घरापुढे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. मी बसलेसुद्धा नाही.

"काका, वय नव्हतं ते. माझं निकल होतं. तुमच्या ओठाले सोसलं नाही. तुमी नाही म्हणत होते, मीच चुकली. ते तोंड द्या. निकल उतरवून, खामगावहून चांदीचा जाड मुलामा करून आणते."

तो शिव्या घालील, असं धरून चालले होते. चार शिव्या खायची तयारीही होती. पण त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"म्हंजे म्या म्हातारा नाही झालो?"

"नाही काका."

तो ताडकन उठला आणि घराकडे तोंड करून ओरडला, "अवं, ऐकलं काय? माहे ओठ शाबूत हायेत!"

त्याची बायको पदराला हात पुसत दारात आली. तिने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"दोन महिने झाले बाई," ती म्हणाली, "घरात साधी शिट्टी नाही वाजवली यायनं."