वळत्या टार्गेटची मॅच

आमच्या रायफल क्लबात पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, पिस्तुलं दोनच होती आणि रविवारी सकाळी ती आळीपाळीनं सगळ्यांच्या हातातून फिरायची. सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मी मूळची मैंदर्गीची, शहरात खोली घेऊन राहत होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. शाळेनं मला एनसीसीच्या प्रशिक्षणाला धाडलं, तिथं रायफल चालवायला शिकले आणि परत आल्यावर सायकल मारत गावाबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर जायला लागले. पण रायफल खांद्याला टेकते. पिस्तुलाला कसलाच टेका नाही, एका हातानं ते समोर धरायचं. पहिल्या दिवशी माझी एकच गोळी कागदाला लागली, तीही कोपऱ्यात.

शिकवायला माढ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. ते म्हणाले, "ताई, हात हालायचाच. माजाबी हालतोय. हालू द्या की. चाप ओढताना घाई करू नगा, बास."

एवढं सांगून त्यांनी बाजूला बोट केलं. "त्यांच्याकडं बगा."

तिकडं पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातमागवाल्या तेलुगू घराण्यातल्या, शहराच्या पूर्व भागात स्वतःचं प्रसूतिगृह चालवणाऱ्या डॉक्टर. सगळे त्यांना अक्का म्हणत. पुरुष नेमबाज डावा हात पँटच्या खिशात घालतात, म्हणजे तो लटकून तोल बिघडवत नाही. अक्कांना खिसा कुठला? त्या पदर कमरेला खोचायच्या आणि डावी मूठ त्या खोचलेल्या पदरात रोवायच्या. मीही तसंच करायला लागले.

पिस्तुलाच्या मॅचेस किती तऱ्हांच्या असतात, ते मला अक्कांकडे बघत बघत कळलं. लांबच्या टार्गेटवर सावकाश मारायची मॅच असे. तीत वेळ भरपूर, आणि तोच माणसाला खातो. अक्का हात उचलायच्या, मनासारखं वाटलं नाही तर गोळी न झाडताच खाली घ्यायच्या, पुन्हा उचलायच्या. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. दुसरी झटपट मारायची. पाच आकृत्या ओळीनं उभ्या, काही सेकंदांत पाचांनाही एकेक गोळी, आणि प्रत्येक फेरीला वेळ कमी होत जाणारा. तीत एक तरुण फौजदार सगळ्यांच्या पुढे होते. त्यांचा हात पाची आकृत्यांवरून असा सरकायचा की बघत राहावं.

आणि तिसरी, माझ्या मनात घर करून राहिलेली, वळत्या टार्गेटची. टार्गेट आधी आडवं वळलेलं असतं, त्याची नुसती कड दिसते. नेमबाजानं हात तिरका खाली धरून थांबायचं. टार्गेट समोर वळलं की तीन सेकंदांत हात उचलायचा, नेम धरायचा, एकच गोळी. पुन्हा टार्गेट वळलं, पुन्हा थांबायचं. अशा पाच गोळ्यांची एक फेरी. आमच्याकडे ही वळवायची सोय एका गिरणीतल्या फिटरनं मागाचा जुना दांडा वापरून करून दिली होती. दोर ओढला की सगळी टार्गेटं एकदम खडखडत वळायची.

त्या वर्षी संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली आणि क्लबाच्या वार्षिक मॅचेस लागल्या. वळत्या टार्गेटच्या मॅचला मी, अक्का आणि फौजदार शेजारीशेजारी उभे होतो. पिस्तुलं कमी, म्हणून फौजदारांनी स्वतःचं आणलं होतं. निम्मी मॅच झाली तेव्हा फौजदार पुढे होते, अक्का त्यांच्या अगदी पाठीला लागल्या होत्या. माझं काय चाललं होतं ते सांगण्यासारखं नाही.

पुढची फेरी सुरू झाली. हात खाली, टार्गेटची कड समोर.

"थांबा! कुणी झाडू नका!"

अक्का ओरडल्या. त्यांनी पिस्तूल मेजावर ठेवलं आणि डावा हात वर केला. तेवढ्यात दोर ओढला गेला होता, टार्गेटं समोर आली होती. मी बोट चापावरून काढलं. उस्तादांची शिट्टी लगेच वाजली.

फौजदार चिडले. "काय झालं, अक्का? आत्ता कुठं माझा हात बसला होता!"

अक्का टार्गेटांमागच्या मातीच्या उंच बांधाकडे बघत होत्या. आम्हीही बघितलं. बांधाच्या माथ्यावर आधी काठीचं टोक आलं, मग लाल लुगड्याचा पदर, आणि मग धनगराची एक म्हातारी माती घसरवत सरळ माथ्यावर येऊन उभी राहिली.

"माजी मेंढी हिकडं आली का वं?" तिनं तिथूनच हाक दिली.

पिस्तुलं रिकामी करून मेजावर ठेवल्याची खात्री झाल्यावर उस्ताद धावत गेले. म्हातारीला हाताला धरून खाली उतरवताना ते तिच्यावर ओरडत होते आणि ती त्यांच्यावर.

"गोळ्या चालल्यात म्हातारे! ऐकू येत न्हाय व्हय?"

"फटाकं वाजतेत म्हणलं कुणाच्या लग्नात. मला काय ठावं?"

अक्कांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, नाडी बघितली. "हिला काही झालेलं नाही," त्या उस्तादांना म्हणाल्या, "आता तुम्ही बसा. घाम बघा किती आलाय." मेंढी नंतर पलीकडच्या ओढ्यात सापडली.

ती फेरी सगळ्यांनी पुन्हा मारायची असं ठरलं. फौजदार बराच वेळ वाळूच्या पोत्यावर बसून होते. मग उठून अक्कांपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मला नव्हतं दिसलं." अक्का म्हणाल्या, "पुढच्या वेळी दिसेल," आणि पदर पुन्हा खोचून जागेवर गेल्या. त्यानंतरच्या त्यांच्या पाची गोळ्या जवळजवळ एकाच भोकात होत्या. ती मॅच अक्कांनी जिंकली. दुपारी झटपट मॅच मात्र फौजदारांनी मारली आणि सगळ्यांत जोरात टाळ्या अक्कांनीच वाजवल्या.

संध्याकाळी निघताना मी त्यांना गाठलं. "अक्का, तुम्हाला कसं हो दिसलं? नजर तर पिस्तुलाच्या माशीवर ठेवायची ना?" नळीच्या टोकावरच्या बारीक उंचवट्याला उस्ताद माशी म्हणत.

"टार्गेट वळल्यावर माशी. तोवर मी समोर सगळं बघत असते. माती घसरली बघ थोडी. वारा नव्हता, मग माती कशी घसरेल?" त्या हसल्या. "अगं, बाळंतपणात मूल डोकं दाखवेपर्यंत आम्ही काय डोळे मिटून बसतो?"

क्लबानं बांधामागे तारेचं कुंपण घातलं आणि मॅच चालू असताना लाल निशाण घेऊन एक माणूस उभा राहायला लागला. मी थांबायच्या वेळात समोर सगळं बघायला शिकले. सुरुवातीला गोळ्या आणखीच भरकटल्या, मग हळूहळू माझा हात शांत झाला.

पुढच्या हिवाळ्यात राज्यपातळीच्या मॅचेसना आम्ही दोघी जाणार होतो. निघायच्या सकाळी मी प्रसूतिगृहावर गेले, तर अक्का हिरव्या झग्यात दारात आल्या. अक्कलकोटकडची एक बाई अडली होती.

"तू जा," त्या म्हणाल्या. "मला आता हिला सोडता येत नाही."

मी एकटी गेले. मधेच कुठेतरी नंबर लागला. परत आले ती पिशवी हातात घेऊनच त्यांच्याकडे. त्या बेसिनपाशी कोपरापर्यंत हात धूत उभ्या होत्या. वळत्या टार्गेटच्या मॅचची एकेक गोळी मी त्यांना सांगितली, बिघडलेली तिसरी फेरी तेवढी भरभर उरकली. नळ बंद करून त्या ओल्या हातांनी तशाच ऐकत राहिल्या, आणि माझं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तिसरी फेरी पुन्हा सांग. सावकाश."