माझ्या वाटची ओळ

आमच्याकडे नाताळाला फराळ करतात. करंज्या, शंकरपाळे, चकल्या. नगरकडच्या आम्हा ख्रिस्ती लोकांचं हे पूर्वापार चालत आलेलं. दिल्लीकडे येऊन निम्मं आयुष्य गेलं तरी सुटलं नाही. पहिलं ताट शेजारी. गाझियाबादला आमच्या समोरच्या दारात राहणारी बाई दरवर्षी करंजी हातात धरून म्हणायची, "अरे भाभी, ये तो हमारी गुजिया है!" होळीला तेच ताट तिच्या गुजिया घेऊन परत यायचं. रिकामं ताट परत करू नये, हे तिलाही कुणी शिकवावं लागलं नाही.

त्या वर्षी तिचा दीर आमच्या जागेत गाडी लावू लागला. माझ्या नवऱ्याने ती हलवायला सांगितली. भांडण म्हणावं तर एवढंच.

नाताळ झाला आणि पोलीस आले. तिच्या दिराची तक्रार अशी, की हे घरी लोक जमवतात, पेटीवर गाणी म्हणतात आणि मिठाईची लालूच दाखवून लोकांचा धर्म बदलतात. जमायची ती चार मराठी कुटुंबं, जन्मापासून ख्रिस्ती. त्यांचा धर्म कशातून कशात बदलायचा? माझ्या हाताला चव आहे म्हणतात, पण एका करंजीत कुणी देव बदलेल एवढी नाही. शेजारणीने मात्र दिराच्या बाजूने जबाब दिला, आणि आमचं ताट पुरावा म्हणून जप्त झालं. सासूबाईंच्या लग्नातलं ताट. काठावर त्यांचं नाव आणि बाजूला छोटा क्रूस कोरलेला. भांडं घरी परत यावं म्हणून आपण त्यावर नाव घालतो. पोलिसाने क्रूसावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ये देखिए, प्रचार का सामान."

पोलीस माझ्या नवऱ्याला घेऊन निघाले. "देवाला ठाऊक आहे," हे जाताना म्हणाले.

"देवाला असेल हो, न्यायाधीशाला कोण सांगणार?" मी म्हटलं.

जामीन मिळेना. तुरुंगातली भेट काचेआडून, फोनवर. मराठीत बोललं की शिपाई खेकसायचा, "हिंदी में बोलो!" मग आमचा संसार हिंदीत. गोळ्या घेता का, झोप लागते का, सगळं परक्या माणसाला विचारावं तसं. शेवटी प्रभूची प्रार्थना मात्र मराठीतच, पुटपुटत. आमचे डोळे मिटलेले पाहून शिपाईही गप्प राहायचा.

मध्येच शेजारणीच्या दिराचा निरोप आला. चुकलो म्हणून कबूल करा, आम्ही प्रकरण मिटवतो. मी म्हटलं, "म्हणून टाका हो. जीव आहे तर सगळं आहे."

"न केलेलं केलं म्हणू? मग तोंड उघडून प्रार्थना कशी करू?" ते म्हणाले.

मला त्या माणसाचा राग आला. फार राग आला. काच नसती तर हलवून जागं केलं असतं. त्या दिवशी प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं, "मध्येच का थांबलीस?"

"क्षमेची ओळ मी म्हणत नाही, 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' ती. तिने माझ्या करंज्या खाऊन तुमच्याविरुद्ध जबाब दिला. मला नाही जमणार."

मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण ते हसले. वाळलेल्या चेहऱ्यावर ते हसू मोठं दिसलं. "बरं. मग मी ती दोनदा म्हणत जाईन. एकदा माझी, एकदा तुझ्या वाटची."

मे महिन्यात, कोठडीत, त्यांच्या छातीत कळ आली. मला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. आरोपी उरला नाही म्हणून खटला बंद झाला. ते निर्दोष होते असं कुणीच म्हटलं नाही. ताट अजून पोलिसांकडेच आहे.

शेजारीण एकदा जिन्यात भेटली. काही बोलायला गेली आणि रडू लागली. मी घरात आले आणि दार लावून घेतलं.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर मीही प्रार्थना म्हणते. ती ओळ आली की आता गाळत नाही. एकदा म्हणते. ती त्यांच्या वाटची, त्यात खंड पडू नये म्हणून. मग क्षणभर थांबते. माझ्या वाटची अजून ओठांवर येत नाही, आणि आता ती माझ्यासाठी म्हणणारं कुणी नाही.