नाण्यावरच्या बाईसाठी सह्या

"ह्या कोण?" असं काका विचारायचे. दुकानात सुटे पैसे हातात पडले की खिशात टाकण्याआधी ते पंचवीस सेंटचं नाणं, म्हणजे क्वार्टर, चष्म्याजवळ धरायचे, पालथं करायचे आणि त्यावर एखाद्या बाईचं चित्र निघालं की काउंटरवरच्या मुलीला विचारायचे, "हू इज शी?" मुलगी लांबलेल्या रांगेकडे बघत "नो आयडिया, सर" म्हणायची. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे, "दिवसभर हाताळते, आणि ओळख नाही."

रांगेत त्यांच्यामागे मी असलो की मला अवघडल्यासारखं व्हायचं. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझ्या हातून जे झालं त्याची सुरुवात बहुधा तिथेच आहे.

अमेरिकेतल्या पार्सिपनीला लागून असलेल्या आमच्या गावात ते सगळ्यांचेच काका. मुलाकडे राहायचे. कराडकडच्या खेड्यांत त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलं होतं. इथे येणारे बहुतेक आईवडील घरात टीव्हीसमोर बसतात, गाडी चालवता येत नाही म्हणून मुलांच्या शनिवारची वाट बघतात. काका आले आणि चालायला लागले. आमच्याकडे रस्त्यानं चालणारा माणूस म्हणजे गाडी बंद पडलेला माणूस. लोक गाडी थांबवून विचारायचे, काही मदत हवी आहे का? काका हात हलवून सांगायचे, "नो नो, आय ॲम ऑन बीट." टपालवाल्याच्या ठरलेल्या फेरीला बीट म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. समोरच्या अमेरिकन माणसाला काय कळायचं कोण जाणे. पण वर्षभरात निम्मं गाव त्यांना ओळखायला लागलं. माझी वीस वर्षं इथे गेली आहेत, आणि मला शेजारच्या तीन घरांपलीकडे कोणाचं नाव माहीत नाही.

मी आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी होतो. काकांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "काय सेक्रेटरी, पत्रव्यवहार काय म्हणतो?" असं विचारायचे. त्यात थट्टा नव्हती. ज्याच्याकडे पत्रव्यवहार असतो तो विश्वासाचा माणूस, असं ते खरोखरच मानत.

त्या सुमारास सरकार क्वार्टरवर कर्तबगार अमेरिकन बायकांची चित्रं आणत होतं आणि पुढच्या नाण्यांसाठी लोकांकडून नावं मागवत होतं. बाई हयात नसावी, ही एक अट. आमच्या गावच्या लायब्ररीनं ठरवलं की गावातर्फे एकच नाव पाठवायचं. ज्या नावाला गावकऱ्यांच्या सर्वांत जास्त सह्या, त्याला लायब्ररीचं पत्र जोडायचं.

काकांना त्यांची बाई लायब्ररीच्या मुलांच्या विभागात सापडली. "माझं इंग्रजी तेवढ्याच उंचीचं," ते म्हणाले. ही एक कृष्णवर्णीय बाई, जन्मानं गुलाम. साठी उलटल्यावर तिनं पश्चिमेकडच्या बर्फाळ मुलखात टपालगाडी हाकायचं काम घेतलं. बर्फात घोडे अडले की ती थैली खांद्यावर टाकून चालत जायची. हे सांगताना काका थांबले आणि स्वतःचा उजवा खांदा चाचपत म्हणाले, "साठीनंतर, सेक्रेटरी. माझे गुडघे पन्नाशीतच कुरकुरायला लागले होते."

त्या बाईंचं नाव मी इथे लिहीत नाही. मी ते एकदा कागदासकट काढून टाकलेलं आहे. आता गोष्ट सांगण्यासाठी ते पुन्हा वापरावं, असं वाटत नाही.

मंडळाच्या बैठकीत मात्र बाकी सगळ्यांचं मत वेगळं पडलं. फार पूर्वी आपल्याकडची एक बाई इथे येऊन डॉक्टरकी शिकून गेली होती, तिचं नाव सुचवायचं असं ठरत होतं.

"काका, आपल्या माणसाचं नाव आलं तर मुलांना किती प्राउड वाटेल," खजिनदार म्हणाला.

"त्या थोरच होत्या," काका म्हणाले. "पण त्या शिकून परत गेल्या. नाणं इथलं आहे. मी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली, उजवा हात वर करून. मग मी इथल्या बाईचं नाव नको का घ्यायला?"

"पण आपल्या मुलांचा विचार करा ना."

"मुलं तर इथलीच आहेत की हो."

मी सेक्रेटरीच्या गोड आवाजात म्हणालो, "काका, तुम्ही तुमचं वेगळं पाठवा. लोकशाही आहे." सगळे हसले, काकाही हसले. मला वाटलं, प्रश्न मिटला.

काका पट्टीनं रेघा आखून कागद तयार करायला लागले. पहिल्या पानावर त्या बाईंचं नाव आणि चार ओळींची माहिती, स्वतःच्या हातानं, इंग्रजीत. पुढच्या पानांवर नुसते रकाने. नाव, पत्ता, सही. प्रत्येक पानाच्या तळाशी मराठी आकडा. हे कागद घेऊन ते गावभर फिरले. न्हाव्याकडे, अग्निशमन केंद्रात, कपडे अल्टर करून देणाऱ्या म्हाताऱ्या बाईंकडे, शाळेच्या कोपऱ्यावर मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसाकडे. प्रत्येकाला ते त्या बाईंची गोष्ट सांगायचे, पूर्ण, आणि मगच पेन द्यायचे. "न वाचता सही घेऊ नये," म्हणायचे.

आम्ही मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. शेकड्यानं अंगठे आले. अंगठ्याला लायब्ररी सही मानत नव्हती. प्रत्यक्ष सह्या जेमतेम चाळीस जमल्या.

शेवटच्या आठवड्यात काका माझ्या घरी आले. सगळे कागद स्कॅन करून शुक्रवारपर्यंत लायब्ररीला ईमेल करायचे होते आणि ते त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मुलगा कामासाठी बाहेरगावी होता. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल माझ्या हातात दिली. "तेवढं पोचतं करा, सेक्रेटरी." चहा घेतला नाही, कारण सुनेनं लवकर बोलावलं होतं.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या स्कॅनरसमोर मी दोन्ही गठ्ठे घेऊन उभा होतो. आमचा पातळ, त्यांचा जाड. तुम्हाला वाटेल, मी बराच वेळ विचार केला असेल. नाही केला. मी काकांचं पहिलं पान काढलं, शेजारच्या निळ्या रद्दीच्या डब्यात टाकलं, आणि त्यांची बाकीची पानं आमच्या पहिल्या पानाखाली लावली. मनात एवढंच आलं की काकाही मंडळाचेच सभासद आहेत, दोन्ही बायका थोरच आहेत, आणि हे कागद शेवटी वाचतो कोण. शिवाय निकालाच्या सभेत लायब्ररीच्या हॉलमध्ये मंडळाचं नाव पुकारलं जाईल तेव्हा मी पुढे जाऊन उभा राहीन, हेही आलं. हे आलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. काकांना सांगायचं कारण तयार होतं: तुमची ईमेल पोचायला उशीर झाला.

रविवारी सभा झाली. काका तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. लायब्रेरियन बाईंनी आमचं नाव वाचलं आणि कौतुकानं कागद पडद्यावर दाखवले. इतक्या सह्या, इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या. पानं सरकत गेली. मग त्या म्हणाल्या, "खाली ही सुंदर चिन्हं कसली आहेत?"

"पेज नंबर्स," मी म्हणालो. "आमच्या भाषेतले."

मी काकांकडे बघितलं नाही, पण ते दिसत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पडद्यावरची पानं शेवटपर्यंत पाहिली. मग इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या.

बाहेर पार्किंगमध्ये ते माझ्याजवळ आले. आता बोलतील असं वाटलं. मला ते हवंही होतं.

"ते पहिलं पान तेवढं परत मिळेल का?" त्यांनी विचारलं. "अक्षर बरं आलं होतं."

"स्कॅनरपाशी राहिलं असेल. बघतो मी."

"होतं असं," ते म्हणाले. "टपाल गहाळ होतं कधी कधी. पण मग टपालवाल्यानं स्वतः जाऊन सांगायचं असतं."

मी मान हलवली. ते मला उद्देशून म्हणाले असं मी धरून चाललो आणि महिनाभर काहीच केलं नाही.

दरम्यान थंडी वाढली. एकदा किराणा दुकानात त्यांची सून भेटली. "बाबांचं काय चाललंय कळत नाही," ती म्हणाली. "इतका स्नो पडतोय, मी नको म्हणते, तरी रोज बाहेर. विचारलं तर म्हणतात, बीट बाकी आहे."

मी "त्यांना चालायची सवय आहे" म्हणालो आणि घाईघाईनं पैसे देऊन निघालो. त्याच आठवड्यात मला ते दिसले. मी सिग्नलला थांबलो होतो. बाजूच्या एका घराच्या पायऱ्यांवर ते उभे होते, कानटोपी काढून हातात धरलेली. दारात एक उंच माणूस वाकून त्यांचं बोलणं ऐकत होता. काका एकच गोष्ट दोन-तीनदा सांगत असावेत, हात तसे हलत होते. मी काच खाली करू शकलो असतो. सिग्नल हिरवा झाला आणि मी निघालो.

पुढे मुलाची नोकरी बदलली, ते सगळे टेक्सासला गेले. निरोपाच्या जेवणाला मंडळातले बरेचजण होते. मी काकांच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर हात ठेवला, नेहमीसारखाच. मी मनाशी वाक्य जुळवलं होतं, तोंडातून निघालं, "काका, तिकडे थंडी कमी असते, बरं आहे तुम्हाला."

"हो," ते म्हणाले. "गुडघ्यांना बरं."

सरकारनं शेवटी निवडलेल्या नावांत आमचं नाव नव्हतं, त्यांचंही नव्हतं. मंडळात दोन दिवस हळहळ झाली आणि लोक गणपतीच्या हॉलच्या बुकिंगला लागले. काकांची बाई सह्यांसकट पाठवली असती तर निवडली गेली असती असं मुळीच नाही. हे मी स्वतःला बरेचदा सांगून पाहिलं आहे. त्यानं काही फरक पडत नाही.

ते गेल्यावर दोनेक महिन्यांनी मी नवी पँट आखूड करून घ्यायला त्या अल्टरेशनवाल्या म्हाताऱ्या बाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी मला आरशासमोर लाकडी चौथऱ्यावर उभं केलं, तोंडात टाचण्या धरून गुडघ्यांवर बसल्या आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही भारतीय ना? इथे एक म्हातारे गृहस्थ चालत फिरायचे. दिसले नाहीत बरेच दिवस."

मी सांगितलं, ते दुसरीकडे राहायला गेले.

"फार सभ्य माणूस," त्या म्हणाल्या. "भर बर्फात आले होते, माफी मागायला. म्हणाले, तुमची सही भलत्याच नावाखाली गेली, कागदांचं मला नीट समजलं नाही, चूक माझी. मी म्हटलं, अहो, सहीचं एवढं काय. पण त्यांच्याकडे यादी होती. माझ्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या घरी गेले. तुम्ही ओळखत होता त्यांना?"

"हो."

"मग बोलणं झालं तर सांगा, चूक कोणाच्याही हातून होते."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी एक टाचणी लावली, मग दुसरी. मी मान खाली घातली होती.

"खाली बघू नका," त्या म्हणाल्या. "माप चुकतं. समोर बघा."